सावली मागे घेणाऱ्या बाई

पौर्णिमा होऊन आठवडा लोटला की आमच्या बाईंचे जुने विद्यार्थी सकाळी घराबाहेर पडायला कचरायचे. त्या दिवसांत ऊन वर आलं तरी अर्धा चंद्र आभाळात असतो, आणि तो दिसतोय तोवर बाई पिशवीत टोमॅटो घेऊन कुणाला तरी शोधत हिंडत असायच्या.

बाई म्हणजे आमच्या वस्तीवरच्या शाळेच्या बाई. पहिली ते चौथी त्या एकट्याच सांभाळायच्या. आवाज असा की पहिलीचे पाढे पलीकडच्या मळ्यात पाठ व्हावेत. दरवर्षी चौथीच्या फळ्यावर तीन गोळे काढून त्या सांगायच्या, "पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, म्हणून तो लहान-मोठा दिसतो." आम्ही ते घोकलं. मला तर त्या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क होते.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना एका सकाळी, मुलांची प्रार्थना चालू असताना, बाई खिचडीसाठी आलेले टोमॅटो निवडत होत्या. डाग बघायला एक टोमॅटो त्यांनी उन्हात उंच धरला, तर त्याच्या मागेच अर्धा चंद्र. दोघांची उजळ बाजू एकच. सूर्य वर, चंद्रही वर, मग पृथ्वीची सावली पडणार कुठून? ती तर आपल्या पायाखाली! बाईंनी प्रार्थना मध्येच थांबवली.

"बाळांनो, बाई चुकल्या. सावली पडते ती ग्रहणात. एरवी चंद्राची सूर्याकडची अर्धी बाजू कायम उजळलेली असते. तो आपल्याभोवती फिरतो, म्हणून ती बाजू आपल्याला कधी थोडी दिसते, कधी सगळी."

दुसऱ्या कुणी एवढ्यावर भागवलं असतं. बाईंनी जुनी हजेरीपत्रकं काढली, शिकवलेल्या एकेकाचं नाव वहीत उतरवलं आणि गाठायला सुरुवात केली. म्हणायच्या, "चुकीचं मी दिलंय, मीच परत घेणार."

नारायणगावच्या स्टँडवर एक जुना विद्यार्थी जीप भरून निघाला होता. बाईंनी त्याला खाली उतरवून हातात टोमॅटो दिला. मागून एक म्हातारा ओरडला, "ओ बाई, आमाला राजुरीला जायचंय, चांदावर न्हाई!" बाईंनी त्यालाही उतरवलं.

माझ्या ठिबक सिंचनाच्या दुकानात त्या ऐन गिऱ्हाइकीत शिरल्या. "सुभाष, चंद्राच्या कला कशामुळे?" मी छाती फुगवून सावली सांगितली.

"शून्य."

"अहो, पण मार्क तुम्हीच दिले होते!"

"ते मी काढून घेतले." गिऱ्हाइकं अजून मला त्यावरून छळतात.

हळूहळू वहीतली सगळी नावं खोडली गेली. एक राहिलं, किसनचं. तो माझ्या वर्गातला. त्या धड्याला तो उभा राहून म्हणाला होता, "बाई, सकाळी चांद बी वर आन् सूर्य बी वर. मंग सावली कुठनं पडती?" वर्ग हसला. बाई चिडल्या, "फार शहाणा झालास. उभाच राहा." घंटा होईपर्यंत तो उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याचं बिऱ्हाड घाटावरच्या आणे गावाला मामाकडे गेलं. तिथं तो शाळेत गेलाच नाही, असं कानावर आलं.

बाई आता निवृत्त होऊन पुण्याला लेकाकडे कायमच्या निघाल्या होत्या, तरी मी आण्याचं नाव काढलं की "आज ढग आहेत" म्हणायच्या. तेही भर उन्हाळ्यात. शेवटी एकदा हळूच म्हणाल्या, "त्याला मी 'खाली बस' म्हणालेच नाही रे." दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांना मोटरसायकलवर बसवलं आणि आण्याचा घाट चढलो.

किसन कांद्याला पाणी देत होता. बाईंना बघून त्याने टोपी काढली. "बाई? तुमी? हितं?"

बाईंनी टोमॅटो पुढे केला. "किसन, चंद्राच्या कला कशामुळे?"

किसनने माझ्याकडे बघितलं, मग टोमॅटो घेऊन चंद्राच्या बाजूला धरला. "ह्ये बगा, उजेड कायम अर्ध्यावरच ऱ्हातो. आपुन कुठनं बगतो, त्येवर हाय सारं. रोज सकाळी पाणी धरतो बाई, पुनव सरली की त्यो वर असतोच."

बाईंचे डोळे भरले. "बरोबर. तेव्हाही तुझंच बरोबर होतं. मी चुकले."

"जाऊ द्या वो बाई, लई जुनं झालं."

"नाही झालं." आणि मग तोच वर्गातला आवाज, "किसन, खाली बस."

दोन पोरांचा बाप असलेला तो गडी कांद्याच्या वाफ्यात मांडी घालून बसला, आणि डोळे पुसायला लागला. मलाही भरून आलं. मीही त्याच्या शेजारी टेकलो.

"तू कशाला बसतोस?" बाई कडाडल्या. "त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं हसला होतास. ऊठ, उभा राहा."

मी उभा राहिलो. पुढच्या आठवड्यात बाई पुण्याला गेल्या, आणि वर्षभरात तिथेच वारल्या. सकाळी दुकान उघडताना अर्धा चंद्र दिसला की त्यांची फार आठवण येते. मला खाली बस म्हणायचं त्यांचं राहूनच गेलं.