तेल प्यायलेली फरशी

"तेल प्यायलेली फरशी रंग ओकते," शालिग्राम घोडमारे नेहमी म्हणायचा. जबलपुरातल्या गोदामांमध्ये रंगाआधी काँक्रीट धुऊन, घासून खरखरीत करण्यात त्याची वीस वर्षं गेली होती.

त्या सकाळी पाटन रोडवरच्या गोदामात तो पोचला, तर मुकादम अजिंक्यने तेलकट फरशीवरच पिवळा पट्टा ओढून टाकला होता. पट्ट्याच्या आतून हमाल बाया चालणार होत्या, बाहेरून फोर्कलिफ्ट धावणार होती. शालिग्रामने कडेला पाणी शिंपडलं. थेंब मुरले नाहीत, फुगून तसेच बसले.

"महिन्याभरात उखडते हा. असाच पट्टा उखडला होता, तवा गाडीनं माह्या बायकोचा पाय चिरडला."

"भैया, तिला डोळे नव्हते काय?" अजिंक्य हसला.

शालिग्रामने फरशी घासायचं हातातलं ग्राइंडर सुरू केलं आणि पट्ट्यावर दाबलं. पिवळा धुरळा उडाला. अजिंक्यने लोखंडी पाइप उचलून त्याच्या डाव्या खांद्यात हाणला. हाड कडकन मोडलं. शालिग्राम वळला. फिरतं चाक अजिंक्यच्या गळ्यापासून वीतभर अंतरावर थांबलं.

"आता मार," तो म्हणाला.

अजिंक्य मागे सरकता सरकता पोत्यांवर कोसळला. शालिग्रामने गुडघ्यावर बसून, एका हाताने, सगळा पट्टा टोकापर्यंत सोलून काढला.

मग ग्राइंडर तिथेच ठेवून, लोंबता हात छातीशी धरून तो फाटकाबाहेर चालू लागला. हमालीण शर्मिला पाठीवरचं पोतं न उतरवता, तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली.