पर्ची बायकोची, गुडघे माझे

हातातला कप आधी खाली ठेवा. हसताना चहा नाकात गेला तर मला बोलू नका! आयुष्यभर मी लोकांना टोप्या घातल्या, पण मला टोपी घातली ती माझ्याच गुडघ्यांनी. कशी, ते ऐका.

आमच्या हिला, म्हणजे सुशीलाला, श्रावणी सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचंच असतं. आता तिथला देव बसलाय खाली, गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. गेल्या वर्षी हिच्या गुडघ्यांनी वरच संप केला. बिचारीने वरूनच हात जोडले आणि आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. जणू पायऱ्या मीच बांधल्या होत्या!

म्हणून यंदा वैद्यांनी चिठ्ठी लिहून दिली. भांगेच्या पानांचं तेल, गुडघ्याला चोळायचं. आम्ही उल्हासनगरच्या दुकानात गेलो, तर खोक्यावर हे एवढं हिरवं पान! मी सिंधी शेठला डोळा मारला, "काय साईं, म्हाताऱ्याला आत टाकता काय?"

"अरे बाबा, पत्ती का तेल है, लायसन का माल है. गांजा अलग, ये अलग. लेकिन पर्ची के बिना नहीं देगा. और सुनो, जिसके नाम की पर्ची, उसी का घुटना!"

समझा. सातवी नापास असलो तरी एवढं कळतं. पर्ची सुशीलाची, तेल सुशीलाचं, माझ्या गुडघ्यांना मनाई.

पण मनाई केली की हात शिवशिवणारच ना हो? ही भजनाला गेली की मी बाटली काढायचो. दोन थेंब डाव्याला, दोन उजव्याला. मग डावा म्हणायचा, अजून दोन! वास असा की पावसात भिजलेलं गवत. पण काय आराम!

आठ दिवसांत बाटली निम्म्यावर आली. ही म्हणते, "अहो, त्या शेठने कमी भरली की काय?"

"हल्ली सगळे चोर झालेत बघ," मी म्हणालो. अगदी गंभीर चेहऱ्याने!

आता आमचा भोईर. रिक्षा स्टँडवरचा माझं रोजचं गिऱ्हाईक, म्हणजे मस्करीचं. त्यानेही पर्ची आणून तेच तेल घेतलं आणि हाफ पँट घालून चमकदार गुडघे मिरवायला लागला. मला कसं बघवणार?

"भोईर, लपव ते! नाक्यावर पोलीस उभे आहेत. म्हाताऱ्यांचे गुडघे हुंगतात."

"काय सांगतोस!"

"देवाशपथ. वास आला की सरळ गाडीत."

दुसऱ्या दिवशी भोईर फुल पँटीत. आत काय, गुडघ्यांना मफलर गुंडाळलेले! तिसऱ्या दिवशी स्टँडवरची सगळी म्हातारी मंडळी फुल पँटीत. मी घरी येऊन पोट धरधरून हसलो.

रविवारी भोईर धापा टाकत आला. "अरे, तू सांगितलंस ते खरं रे! विठ्ठलवाडीला दोघांना धरलं. एकाची पर्ची बायकोच्या नावावर होती म्हणे!"

गुडघे हुंगायची थाप माझी होती. पण ही बायकोच्या पर्चीची गोष्ट? ती तर मी कुणालाच सांगितली नव्हती! म्हणजे खरंच धरतात?

सोमवारी पहाटे मी मोरीत बसून भांड्यांच्या साबणाने गुडघे घासत होतो. काथ्याने! वास काही जाईना.

मंदिरात ही मोठी रांग. सुशीलाची कळी खुललेली. "अहो, यंदा दुखत नाही हो! उतरणार मी खाली!" आणि तेवढ्यात बंदोबस्तावरचा एक हवालदार मला न्याहाळत सरळ माझ्याकडेच आला. आला, थांबला आणि वाकला. त्याचं नाक माझ्या गुडघ्यापाशी!

"साहेब, सोडा!" मी ओरडलोच. "पर्ची हिची आहे, पण तेल मीच चोरून लावलं! निम्मी बाटली मी संपवली! हिला काही माहीत नाही! शेठचाही दोष नाही!"

हवालदार वाकलेलाच, मान वर करून बघतोय. "काका, मी मंगेश. तुमच्या जुन्या चाळीतल्या शांताबाईंचा. मी पाया पडत होतो."

सुशीलाने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "थांब रे मंगेश. वाकलाच आहेस तर वास घे."

पोराने खरंच घेतला हो! "काकी, गवताचा येतोय. आणि थोडा भांड्यांच्या साबणाचा."

"याला धरतात का रे?"

"पर्चीवर मिळतं ते तेल, काकी. आम्ही कुणाला नाही धरत, ती नुसती अफवा. तुमचं तुम्ही बघा."

ती बघूनच घेणार होती, घरी. तिथे मात्र पदर खोचून टकाटक पायऱ्या उतरली, वळूनही न पाहता. आणि मी? काथ्याने सोललेले गुडघे वाकेचनात. यंदा मी वरूनच हात जोडले.

मागून खांद्यावर थाप पडली. भोईर! रांगेत लांबून त्याने हवालदाराचं नाक पाहिलं होतं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "माफ कर रे दोस्ता. पोलीस खरंच गुडघे हुंगतात. मी इतकी वर्षं तुला उगाच थापाड्या समजलो!"