रेखाचे साहेब

शुक्रवारचं भजन संपलं की आमच्या नालवाडीच्या मंडळात प्रसाद पाच मिनिटांत उरकतो, पण बाया तासभर हलत नाहीत. किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. फुलवातींसारखे ते बोलता बोलता वळले जातात आणि बघता बघता डबा भरतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आमच्या डब्यातले निम्मे किस्से एकट्या रेखाचे होते.

रेखा माझी शेजारीण. नवरा गेला आणि त्याच्या जागी ती वर्ध्याच्या एका ऑफिसात क्लार्क म्हणून लागली. घरी दोन पोरी, अंथरुणाला खिळलेली सासू. सारं घर त्या नोकरीवर. आणि ड्राफ्ट बघायचं निमित्त करून साहेब तिच्या खुर्चीमागे उभे! खांद्यावर हात!

एका सोमवारी तिने टेबल फिरवून खुर्ची भिंतीला टेकवून टाकली.

"टेबल काऊन फिरवलं?" साहेबांनी विचारलं.

"मांगून हवा लागते, साहेब!"

*

मग साहेब कॅबिनमध्ये बोलवायला लागले. "दार लावून घ्या." रेखा शिपाई शांताबाईला सोबत घेऊन गेली.

"मी एकीलेच बोलावलं होतं!"

शांताबाई दाराला पाठ लावून उभी. "मी दार धराले आली, साहेब. आपोआप लागून जाते ना थे!"

*

एकदा फाइलमधून चिठ्ठी आली. 'रविवारी बोर धरणावर जाऊ. कोणाला सांगू नका.' खाली साहेबांची सही, सवयीने केलेली! रेखाने चिठ्ठीवर शिक्का मारला, आवक रजिस्टरला नंबर टाकला आणि सगळ्यांसमोर साहेबांपुढे ठेवली.

"हे काय?"

"ऑफिसात आलेला कागद नोंदवाच लागते ना, साहेब!"

त्या शुक्रवारी आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

*

पुढच्या शुक्रवारी मात्र ती रडली. साहेबांनी हिंगणीला बदली करायची धमकी दिली होती. पोरींची शाळा, सासूचं दुखणं, कसं जमायचं?

"काकू, हसून हसून थकली मी. थो मांगून गेला का अंगावर काटा येते."

मी म्हटलं, "देवापुढे रडतेस, बरोबरच आहे. पण अर्ज साहेबाच्या वरच्या साहेबाले कर."

तिने केला. सोबत चिठ्ठीची त्याच दिवशी काढून ठेवलेली झेरॉक्स लावली.

*

तेव्हा बायांच्या अशा तक्रारींसाठी ऑफिसांत नुकतीच समिती नेमावी लागू लागली होती. अध्यक्ष बाई, आणि एक बाई बाहेरची. बाहेरची कोण? साहेबांनीच सुचवलं म्हणे, "नालवाडीच्या भजनवाल्या काकू घ्या. लय साध्या आहेत."

नेमकी समितीच्या बैठकीच्या दिवशी संकष्टी. साहेबांनी माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी मागवली. मी नमस्कार केला आणि ताट झाकून ठेवलं. ते बाहेर गेले. समोर कागद आधीच टाइप केलेला: 'गैरसमज झाला. श्रीमती रेखा यांची हिंगणीला बदली करावी.' रेखा भिंतीशी उभी होती. तिला अजून कोणी काही विचारलंच नव्हतं.

मी कागद दोनदा वाचला. एका सदस्याने घड्याळ बघितलं.

"काकू, सही करून टाका. चार वाजले. उपाशी आहात, घरी जाऊन फराळ करा."

"मले घाई नाई, भाऊ," मी म्हटलं. "चंद्र नऊले निघते. तोवर घरी जाऊनही मले काई खायचं नाई."

मग अध्यक्ष मॅडमनी तो कागद पालथा घातला आणि पेनाचं टोपण काढलं.

"रेखाताई, बसा. पहिल्या दिवसापासून सांगा."