बोटं बघून कुणीही ओळखेल

सिनेमातला बँडवाला कधी शुद्धीत असलेला पाहिलाय का तुम्ही? मी तरी नाही. कोट दोन माणसं मावतील एवढा ढगळ, टोपी डोळ्यांवर, पाय लटपटतायत, आणि वाजवतो असं की नवरीच्या बापानं कानात बोटं घालावीत. गवई दाखवायचा असला की तानपुरा, समई, रेशमी झब्बा. बँडवाला आला की नुसता हशा. हे लिहिणाऱ्यांना एकदा समोर उभं करून विचारावंसं वाटतं, बाबांनो, आयुष्यात एखादा बँड जवळून ऐकलाय का? मला विचारायचा हक्क आहे. माझे वडील बँडवाले होते, आणि असल्याच एका सिनेमात त्यांनाही उभं केलं होतं.

वडील क्लॅरिनेट वाजवायचे. औरंगाबादेत त्यांना सगळे मास्टर म्हणत. मुलगी म्हणून मला बँडमध्ये जागा नव्हती, पण ते घरी वाजवायला बसले की भाकरी थापता थापता माझं लक्ष त्यांच्या हातांकडे असे. कुठल्या सुराला कुठलं बोट उठतं ते मला पाठ झालं होतं. थोरल्या बहिणीच्या लग्नात, नवरदेव मांडवात येताना वाजवायला म्हणून त्यांनी स्वतः एक धून बांधली होती. पुढं ती प्रत्येक लग्नात वाजली. ती सुरू झाली की मांडवातल्या बायका बोलायच्या थांबत.

दौलताबादला किल्ल्याखाली शूटिंग लागलं आणि लग्नाच्या प्रसंगासाठी वडिलांच्या बँडला बोलावणं आलं. वडिलांना वाटलं, वाजवायला बोलावलंय. बँडला दुसरं कशाला बोलावतात? रोज संध्याकाळी सगळ्यांना बसवून त्यांनी तीच धून घोटून घेतली.

तिथं गेल्यावर आधी त्यांचा इस्त्रीचा कोट उतरवून ढगळ कोट चढवला. मग एक पोरगेला साहेब म्हणाला, "मास्टरजी, बजाना नहीं है. बस मुँह में पकड़ो और उँगलियाँ चलाओ." कुठलं गाणं, असं वडिलांनी विचारलं, तर म्हणाला, "कुछ भी."

घरी येऊन हे सगळं त्यांनीच सांगितलं, तेही खुशीत. आई म्हणाली, "मग तुमची धून ऐकू कशी येणार?"

"अगं, आवाज मागून भरत्यात तिकडं मुंबईला. म्या बोटं बरोब्बर चालवली. बोटं बघून कुणीबी वळखंल. तिथं तर लई मोठमोठे वाजवणारे बसलेत."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. ज्यांना बोटं कळतात अशाच माणसांत त्यांचा जन्म गेला होता.

सिनेमा लागला तेव्हा अख्खी गल्ली घेऊन आम्ही गेलो. वडील इस्त्रीचा कोट घालून मधोमध बसले. त्यांचा प्रसंग आला. पडद्यावर त्यांचे हात एवढे मोठे दिसले की मला एकेक सूर वाचता येत होता. ती धून होती, पहिल्यापासून, एकही बोट न चुकलेली. आणि कानावर येत होतं गाढवाचं ओरडणं. मग फाटक्या भोंग्याचा आवाज. मग पुन्हा गाढव. थिएटर खदाखदा हसत होतं. शेजारी बसलेला त्यांचा ट्रम्पेटवाला म्हणाला, "मास्टर, ये लोगां तो गधा डाल दिये!" वडील म्हणाले, "गप. पिक्चर बघ." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो पडदा टराटरा फाडावासा वाटला. हसायचं तर एखाद्या दारुड्याला हसा ना, नीट वाजवणाऱ्याच्या तोंडी गाढव कशाला?

त्यानंतरच्या लग्नसराईत आमच्याच गल्लीत माझ्या मैत्रिणीचं लग्न होतं. वऱ्हाड सिल्लोडचं. नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन मांडवाकडे निघाला तेवढ्यात त्याच्या दोस्तांनी वडिलांना ओळखलं.

"अरे, हे तर पिक्चरमधले! मास्टर, ते गाढवाचं वाजवा की!"

"ते म्या वाजवलं नाय."

"कसं नाय? आम्ही डोळ्यानं बघितलं."

"बघितलं व्हय. पण आवाज माझा नव्हता."

"मग कुणाचा, गाढवाचा?" सगळे टाळ्या देऊन हसले. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. पुढं होऊन एकेकाच्या थोबाडीत द्यावी असं वाटत होतं. वडिलांनी वाद घातला नाही. बँडला हातानं खूण केली, डोळे मिटले आणि आपली धून सुरू केली. खरं काय ते आता यांना कळेल, एवढंच त्यांच्या मनात असणार.

मी एकेक सूर ऐकला. इतकं सुंदर त्यांनी माझ्या बहिणीच्या लग्नातही वाजवलं नव्हतं.

पण पहिला सूर निघाला तशी ती पोरं हसायला लागली, आणि वडिलांनी ती धून शेवटपर्यंत वाजवली तरी त्यांचं हसू थांबलं नाही.