कोटाच्या आतल्या दोन ओळी

आयसेलिन गावात मुलाच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर साड्यांचं एक दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत मी काही वर्षं ब्लाउज शिवले. मुलाने अमेरिकेत बोलावून घेतलं तेव्हा मी एक ठरवून आले होते, रिकामं बसायचं नाही. दुसरं न ठरवताच झालं, ते म्हणजे बोलायचं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी आकडे मापाच्या टेपमुळे येत होते, त्यापुढे काही नाही. घरी कोणी नसताना फोन वाजला तर मी तो वाजू द्यायची आणि थांबला की कामाला लागायची. दुकानात बोलण्याची फारशी गरजच नव्हती. बायका यायच्या, हात वर करायच्या, मी माप घ्यायची.

दुकानाची मालकीण गुजराती होती. तिला सगळे बेन म्हणायचे आणि ती मला मावशी म्हणायची. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत चालायचं.

एके दिवशी तिने मला बाहेर बोलावलं. काउंटरपाशी पन्नाशीचा एक रुंद खांद्यांचा माणूस उभा होता. मिशा पांढऱ्या, हातात हँगरवर कोट.

"मावशी, ये बँडवाला है. साल्सा का म्यूझिक बजाता है. कोट टाइट है इसका."

"बेन, मैं जेंट्स का काम नहीं करती."

"वो मैंने बोला उसको. तीन दुकान ने ना बोला है, इसलिए इधर आया. बोलता है, कुछ नहीं चाहिए, सिर्फ हाथ ऊपर जाना चाहिए."

त्याने कोट अंगात घातला आणि उजवा हात वर केला, बस थांबवताना करतात तसा. काखेत कापड करकरलं आणि अख्खा कोट छातीपर्यंत वर सरकला. तो हसला. मग बेनला काहीतरी म्हणाला. तिने सांगितलं की कोट त्याच्या वडिलांचा आहे, वडील अंगाने बारीक होते आणि पुढच्या शनिवारी त्याचा कार्यक्रम आहे.

कोट गडद कॉफी रंगाचा होता, हलला की थोडा चमकायचा. संध्याकाळी मी त्याचं अस्तर उसवून पाहिलं. शिवणीत माया म्हणून सोडलेलीच नव्हती, त्यामुळे सैल करायला कापड कुठून आणणार? एकच उपाय होता. दोन्ही काखांत, मुंढ्याच्या खाली, शंकरपाळ्यासारखा एकेक तुकडा जोडायचा. तुकडा त्याच कापडाचा हवा, नाहीतर हात वर केला की ठिगळ दिसणार. ते कापड मला कोटातच सापडलं. कोटाच्या पुढच्या कडेला आतल्या बाजूने कोटाच्याच कापडाची रुंद पट्टी असते. तिच्या खालच्या टोकाकडून दोन्ही बाजूंचे तुकडे काढले तर बाहेरून कोणाला कळणार नव्हतं.

डाव्या बाजूच्या तुकड्यावर शाईने काहीतरी लिहिलेलं होतं. दोन बारीक ओळी, शाई फिकट जांभळी झालेली. आमच्याकडे परीट कपड्यांच्या आत बिब्ब्याने खुणा करायचा, कोणाचा कपडा कोणाकडे जाऊ नये म्हणून. मला वाटलं, ही इथल्या लाँड्रीची खूण.

विचारायला हवं होतं. बेन चार पावलांवर होती. पण तिच्यापुढे एका नवरीची आई फॉलच्या रंगावरून वाद घालत होती. शिवाय विचारायचं म्हणजे बेनने त्या माणसाला फोन करायचा, मग तो काही विचारणार, मग मी उत्तर देणार. परटाच्या खुणेसाठी एवढं कशाला, असं म्हणून मी कात्री चालवली. हात वर केल्यावर खूण दिसू नये म्हणून ती बाजू मी आत वळवली. कापलेल्या जागी एका ब्लाउजच्या अस्तराचं उरलेलं सॅटिन लावलं. काम चांगलं झालं होतं. मला माझ्या शिवणीचा अभिमान वाटला.

तो कोट न्यायला आला तेव्हा मी घरी जेवायला गेले होते. परत आल्यावर बेन म्हणाली, "मावशी, उसने यहीं खड़े होके दोनों हाथ ऊपर किए और नाचा! कस्टमर सब देखते रह गए. ये लो, तुम्हारे लिए दो टिकट."

शनिवारी सून मला घेऊन गेली. मुलगा घरी नातीजवळ थांबला. सुनेने कॉम्प्युटरवरून रस्त्याचा कागद छापून माझ्या मांडीवर ठेवला होता.

"आई, एक्झिटचा नंबर आला की ओरडा हं, नाहीतर मी मिस करेन."

हायवेवरून उतरायच्या रस्त्याचा तो नंबर मी बरोबर सांगितला. कार्यक्रम सातला होता, पण त्याआधी सहाला बँडचा प्रमुख बोलणार होता, संगीत समजावून सांगणार होता. शाळेचा असावा तसा हॉल, घडीच्या खुर्च्या, मागे टेबलावर फुकट कॉफी. पन्नासएक माणसं असतील. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो.

तो कोट घालून स्टेजवर आला. मी त्याच्याकडे पाहिलं ते सरळ काखेकडे.

तो बोलत होता आणि सून माझ्या कानात सांगत होती. "म्हणतोय, मी काहीच वाजवत नाही. अकरा जण वाजवतात आणि मी नुसते हात हलवतो. माझी बायको म्हणते घरीही तेच चालतं." लोक हसले. मग त्याने खिशातून लाकडाच्या दोन बुटक्या कांड्या काढल्या आणि एकमेकींवर वाजवल्या. तीन ठोके, जरा थांबून दोन. पुन्हा तीन, पुन्हा दोन. सून म्हणाली, "सगळं म्युझिक ह्यावर उभं असतं म्हणतोय. कधी कधी हे कोणी वाजवत नाही, तरी प्रत्येकाच्या डोक्यात चालू असतं." त्याने लोकांना टाळ्यांनी तेच वाजवायला लावलं. लोक चुकले तेव्हा त्याने छातीवर हात धरून दुखल्याचं सोंग केलं. सून हसत टाळ्या वाजवत होती. साल्सा पायांसाठी आणि लॅटिन जॅझ खुर्चीसाठी, असंही तो म्हणाला, आणि ज्यांना खुर्चीत बसवणार नाही त्यांनी खुशाल मागे जाऊन नाचावं.

मग त्याने हाताच्या खुणा दाखवल्या. मूठ वर म्हणजे सगळ्यांनी थांबायचं. एक बोट म्हणजे तेच पुन्हा. पंजा उघडला म्हणजे जोरात. दर वेळी हात पार डोक्यावर जायचा आणि कोटाचा खालचा काठ जागचा हलायचा नाही. मी सुनेला कोपराने ढोसलं. "बघ, सरकतोय का?"

"नाही हो आई, मस्त बसलाय. आता ऐकू द्या."

पुढे तो वडिलांबद्दल बोलू लागला. सून सांगत होती तसं मी ऐकत होते. त्याच्या वडिलांनी पोर्तो रिकोहून येऊन हा बँड उभा केला. दिवसा साबणाच्या कारखान्यात काम, शनिवार-रविवार बँड. माणूस भयंकर लाजाळू. हाताने अकरा जणांना हलवायचा, पण लोकांसमोर तोंड उघडायची वेळ आली की घाम फुटायचा. कार्यक्रमाआधी बोलणं तर भाग होतं. म्हणून त्यांनी बोलायच्या दोन ओळी कोटाच्या आत लिहून ठेवल्या होत्या. रुमाल शोधल्यासारखं करून कोट उघडायचा, वाचायचं, कोट मिटायचा.

"आणि म्हणतोय की तोही दर कार्यक्रमाला तिथूनच वाचतो. वडिलांचं अक्षर आहे ना. आता वाचून दाखवणार आहे."

त्याने कोटाची डावी बाजू उघडली.

त्याला तिथे सॅटिन दिसलं. त्याने त्यावरून अंगठा फिरवला. उजवी बाजू उघडून पाहिली. तिथेही सॅटिन. लोक वाट पाहत होते, कोणाला तो विनोदच वाटला आणि एक जण हसला. त्याने कोट मिटून बटण लावलं आणि काहीतरी म्हणाला.

सून कुजबुजली, "म्हणतोय, आज पाठच म्हणतो." मग तिने त्या ओळी सांगितल्या. "नमस्कार, तुम्ही आलात, बरं वाटलं. मला बोलता येत नाही, ही मंडळी बोलतील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोही हसला, पण कांड्या खिशात ठेवताना एक खाली पडली आणि ती न उचलताच तो आत गेला.

"अगं, ते मी कापलं," मी म्हणाले.

"काय कापलं?"

"ते लिहिलेलं. मला परटाची खूण वाटली."

"आई!" पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. "फेकून दिलंत?"

"नाही गं. काखेत आहे."

"कोणाच्या काखेत?"

"त्याच्याच."

तिने तोंडावर हात धरला. हसू दाबत होती की काय, मला कळलं नाही, आणि मला हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. मी तुकडा कापतानाचा हात आठवत होते. चौकोनी पट्टीतून शंकरपाळं काढताना चार कोपरे निघाले होते. ते मशीनखालच्या पिशवीत गेले आणि पिशवी बेनने कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच रिकामी केली होती. त्या कोपऱ्यांवर अक्षरं होती का? नक्की आठवेना.

कार्यक्रम सुरू व्हायला अर्धा तास होता. सून उठली. "तुम्ही बसा. मी जाऊन सांगते त्याला."

मी बसले. ती चार पावलं गेली असेल. मग माझ्या मनात आलं, ही सांगेल की कापलं, तो ऐकेल की कापलं, आणि ते कुठे आहे हे दोघांनाही दाखवता येणार नाही. कापलं मी होतं. मी उठले आणि तिच्या मागे गेले.

स्टेजच्या बाजूला एका खोलीत ती मंडळी कॉफी पीत होती. त्याने मला पाहताच ओळखलं आणि हात वर करून कोट दाखवला. "परफेक्ट! परफेक्ट!" म्हणाला. तक्रारीचा एक शब्द नाही. त्याने मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. सून बोलू लागली. मध्येच त्याचा हात खाली आला आणि चेहरा बदलला.

"सॉरी," मी म्हणाले. तो शब्द मला येत होता, पण आपणहून कोणाला म्हटला नव्हता. मग सुनेला म्हणाले, "कोट काढायला सांग."

त्याने कोट काढून दिला. मी खुर्चीवर बसले, डावी बाही उलटी केली. पर्सच्या आतल्या कप्प्यात दोरा ओवलेली सुई मी नेहमी ठेवते. तिच्या टोकाने काखेतलं अस्तर चार बोटं उसवलं आणि तो तुकडा दिव्याकडे केला. फिकट जांभळ्या दोन ओळी तिथे होत्या.

त्याने चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी त्याचं बोट थांबलं, कारण तिथे शिवण होती. मी सुईने एक टाका काढला, दुसरा काढला, कापड मागे वळवलं. शेवटचं अक्षर शिवणीच्या आत गेलं होतं. कात्री त्याच्या अगदी कडेने गेली होती. पण अक्षर पुरं होतं.

तो जोरात हसला. पियानोवाल्याला आणि ढोल वाजवणाऱ्या मुलीला बोलावलं, दोघांनी वाकून वाचलं. मग तो सुनेला काही म्हणाला आणि ती हसायलाच लागली.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय, माझे वडील इतके लाजाळू होते हे तुम्हाला कोणी सांगितलं? इतकी चांगली लपायची जागा त्यांनाही सुचली नव्हती म्हणतोय."

मी हसले. मी सुनेला म्हणाले, "सोमवारी कोट दुकानात आणायला सांग. मी तुकडा होता तिथे लावून देते, काखेत दुसरा काहीतरी बघते."

त्याने थोडा विचार केला आणि मान हलवली. सून म्हणाली, "नको म्हणतोय. ओळी त्याला पाठ आहेत. हात आता वर जातोय, तो खाली आणू नका. फक्त उलगडून बघता येईल असं काहीतरी करा."

मी अस्तराचे टाके लांब आणि सैल घातले, कोणालाही नखाने काढता येतील असे. माझ्याजवळ पांढराच दोरा होता, पण आतलं अस्तर कोणाला दिसणार? दारातून कोणीतरी घड्याळ दाखवत होतं. मी दोरा दातांनी तोडला, त्याने तिथेच उभ्या उभ्या कोट चढवला.

आम्ही परत खुर्च्यांवर आलो तोवर हॉल भरला होता. दिवे मंद झाले. अकरा जण आपापल्या जागी बसले आणि तो मध्ये उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. त्याने डावा हात वर नेला. मघाशी दर वेळी उजवा नेला होता, आता डावा नेला. तो तसाच वर धरून ठेवला आणि अकराच्या अकरा जण त्या हाताकडे बघत राहिले. कोटाचा काठ हलला नाही. मग त्याने हात खाली मारला आणि एवढा मोठा आवाज झाला की मी दचकले.

परत येताना सुनेने विचारलं, "आई, म्युझिक आवडलं का तुम्हाला?"

"पहिलं गाणं काही मी ऐकलं नाही," मी म्हणाले. "दुसऱ्यापासून सगळी आवडली."

"मग पहिल्याच्या वेळी काय करत होतात?"

"टाके निघतायत का ते बघत होते."

ती हसत सुटली आणि आमचा एक्झिट चुकला.