मोहन घातलेलं जहाज

रेडमंडच्या गिरीश वैद्यला अमेरिकेने बोलावलं ते सॉफ्टवेअरसाठी. आमच्या मराठी मंडळाने धरून ठेवलं ते चकल्यांसाठी. माणूस नागपूरचा, अंगाने ऐसपैस, आणि ओट्यापुढे उभा राहिला की स्वतःला कुलगुरूच समजतो. अशा माणसाला बेचव पदार्थ करायला कुणी सांगू नये. ते त्याच्या मुलीने सांगितलं.

अनिका पाचवीत. पहिले वसाहतवाले जहाजातून अटलांटिक ओलांडून कसे आले, ते वर्गाने आठवडाभर जगून बघायचं होतं. बाकं भिंतीला लावली, कार्पेटवर निळ्या टेपने प्रत्येकाला अंग टेकण्यापुरती जागा आखली. खायला उकडलेले वाटाणे आणि दगडासारखं बिस्किट. अनिका कोठारप्रमुख. सोमवारी घरून एकदाच आणायची बिस्किटं तिच्या ताब्यात. शुक्रवारी किनारा लागेपर्यंत तिने ती पुरवायची. आधी संपली, तर रोज चिठ्ठ्या टाकून काही प्रवासी मरणार. हे काम तिने स्वतः हात वर करून मागितलं होतं. एरवी वर्गात तिचा आवाज शेजारच्या बाकापर्यंतही जात नसे.

"बाबा, फक्त पीठ, पाणी, मीठ. इट हॅज टु बी बॅड."

"बॅड म्हणजे किती बॅड?"

"दात तुटेल असं. ते लोक आधी टेबलावर आपटायचे. आतले किडे बाहेर पडले की मग खायचे."

"किडे?" गिरीशने छातीवर हात ठेवला. "अगं, पोरांना समुद्रावर धाडताना त्यांच्या आया काय झोपल्या होत्या?"

"बाबा! प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

रविवारी तो परात घेऊन बसला. पीठ घेतलं, मीठ घातलं, आणि पाण्याकडे जायचा हात आपोआप कढल्याकडे गेला. तापलेलं तेल पिठावर चर्र वाजलं, तेव्हा कुठे तो भानावर आला.

"गिरीश, मोहन घातलंस?" बायको, अदिती, कॉफी घेऊन मागे उभी होती.

"थोडंसंच. मोहनाशिवाय पीठ भिजवायचं म्हणजे बाळाला आंघोळ न घालता टोपडं घालण्यासारखं आहे."

"आणि हा ओवा?"

"समुद्रावर पोटं बिघडतात."

"पोरगी रडेल हं."

"आधी खाऊन तर बघ."

भाजून झाल्यावर अदितीने एक खाल्लं. मग दुसरं घेतलं. तिथेच घात झाला. गिरीशने डबा भरून झाकण घट्ट लावलं.

सोमवारी अनिका घरी आली ती दप्तर फेकतच. "बाबा, दे आर यम्मी!" घराला आग लागल्याचं सांगावं, तशा सुरात.

गाजर दिसलं की गळा काढणारी पोरं बिस्किटासाठी तिच्या पाया पडत होती. वाटाणे देऊन बिस्किटं मागत होती. मंगळवारी तिची पाठ वळताच नकुल नावाच्या इरसाल प्रवाशाने कोठारच फोडलं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत डब्यात ओवा तेवढा उरला.

त्या संध्याकाळी गिरीशने हात पाठीशी बांधल्यासारखं करून नुसतं पीठ-पाणी-मीठ भाजलं. बुधवारी सकाळी डबा घेऊन शाळेत हजर.

बाई प्रेमळ होत्या, पण जहाजाच्या कप्तानही होत्या. "मिस्टर वैद्य, आम्ही भर समुद्रात आहोत. इथे दुकान नाही."

"चूक माझी आहे. तिची नाही."

"जहाजावर असंच होतं," त्या हळूच म्हणाल्या.

हा माणूस ऑफिसात बंद पडलेल्या सिस्टिम उठवतो. आता तो पार्किंगमध्ये पावसात उभा राहून खिडकीतून बघत होता. पोरं टेपच्या चौकटींत आडवी पडली होती, आणि अनिका प्रत्येकापाशी जाऊन रिकाम्या डब्याचा तळ दाखवत होती. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं.

गुरुवारी ती म्हणाली, "मी मेले."

"मेलीस म्हणजे? चिठ्ठी निघाली?"

"चिठ्ठी नाही टाकली. सगळे म्हणाले, कोठार माझं होतं." ती बूट काढत होती. "मेलेल्यांनी पेन्सिल शार्पनरपाशी बसायचं. बोलायचं नाही."

गिरीशने तिला जेवायला काय करू म्हणून विचारलं. दुसरं त्याला काही येतच नव्हतं. तिने "नको" म्हटलं.

शुक्रवारी तो तिला आणायला गेला.

"किनारा लागला का गं?"

"उरलेल्यांना लागला. दे क्लॅप्ड."

मागच्या सीटवर बुधवारचा डबा तसाच होता. अनिकाने त्यातलं एक बिस्किट काढून चावलं. तुटेना. दुसऱ्या बाजूने चावलं. डॅशबोर्डवर आपटलं, टक असा आवाज झाला.

"धिस इज परफेक्ट, बाबा," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

ते बिस्किट दाढेखाली धरून ती भिजवत राहिली. वायपर फिरत होते. गिरीशचा हात गिअरवर होता, पण गाडी काढायचं त्याला सुचत नव्हतं.