बिनदुधाच्या कापण्या

माझी मुलगी लहानपणापासून गोडघाशी. माझ्यावरच गेली आहे, त्यामुळे बोलायची सोय नाही. लग्न होऊन बदलापूरला मांजर्लीत राहायला गेली, तरी सुट्टीच्या दिवशी उल्हासनगरला माझ्याकडे यायची आणि आल्याआल्या फडताळ उघडायची. तिथे साजूक तुपातली नानकटाई ठेवलेली असायची. मग एके दिवशी तिने दूध, दही, तूप सगळं सोडलं. "मी वीगन झालेय," म्हणाली. गाईम्हशींचे हाल बघवत नाहीत, एवढंच कारण सांगितलं.

मी म्हटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. खूळ काही उतरलं नाही.

मला फार राग आला. माझं लहानपण इथेच उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या एका खोलीत गेलं. दूध फक्त वडिलांच्या चहापुरतं यायचं. तूप आम्हाला माहीत होतं ते शेजारच्या सिंधी घरातून येणाऱ्या वासावरून. तेव्हाच मी ठरवलं होतं, माझ्या घरात तुपाचा डबा कधी रिकामा राहणार नाही. तो राहिलाही नाही. आणि ज्या पोरीसाठी भरून ठेवला, ती म्हणते नको. मला तर कुणीतरी भरल्या ताटावरून उठवल्यासारखं झालं.

गोडाची हौस मात्र तिची सुटली नव्हती. कुठूनतरी महागड्या हेल्दी कुकीज मागवायची. एकदा मलाही एक दिली. पुठ्ठ्याला साखर लावली तर साधारण तशीच लागेल.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"दात मजबूत होतील," मी म्हटलं. ती हसली नाही.

यंदा आखाडात नदी चढायला लागली. मांजर्लीत पाणी येणार असं दिसलं की तिने बॅग भरून माझ्याकडे यायचं आणि जावयाने कामावरून परस्पर अंबरनाथला भावाकडे जायचं, हे ठरलेलंच. तशी ती आली. बॅगेतून कपडे काढले आणि त्याखालून एक डबा काढला. भाजी-पोळी, घरून करून आणलेली.

"हे काय गं?"

"तुला त्रास नको म्हणून, आई. तू फोडणीपण तुपात देतेस."

पुरातून आईच्या घरी येताना पोरगी डबा घेऊन येते! मी भांडी आपटली. डबा संपल्यावर तिने माझ्याच गॅसवर स्वतःपुरतं वेगळं शिजवलं. पाणी ओसरलं तशी गेली. ती गेल्यावर मी ओट्यापाशी बसून रडले. पाहुणासुद्धा निदान चहा तरी घेऊन जातो.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर कुणीतरी आखाड तळत होतं. तळणीचा आणि गुळाचा वास खाली आला आणि मला आईच्या कापण्या आठवल्या. आई देशावरची, ती आखाडात कापण्या करायचीच. गुळाच्या पाण्यात कणीक मळायची, तेलाचं मोहन घालायचं, वरून तीळ लावून लाटायचं, शंकरपाळ्यांसारखं कापायचं आणि तळायचं. ना दूध, ना तूप. परवडणारच नव्हतं. हातात पैसा आल्यावर मी कापण्या कधी केल्या नाहीत, गरिबीचं खाणं म्हणून त्या मनातून उतरल्या होत्या. आता लक्षात आलं की आमचं आख्खं बालपण वीगनच गेलं. फक्त ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पोरीला तळलेलंही चालत नाही. म्हणून कणकेत नाचणीचं पीठ घातलं, कापण्या कापून परातीत मांडल्या आणि कॅम्प चारच्या बेकरीत गेले. तिथे सामान आपलं आणि भट्टी त्यांची. दिवाळीची नानकटाई मी वर्षानुवर्षं तिथूनच भाजून आणते.

भट्टीवाल्या काकांनी परातीतल्या एका कापणीचं टोक मोडून वास घेतला. "भाभी, घी किधर है?"

"इसमें घी नहीं है."

"कोई बीमार है क्या?"

"बेटी के लिए है," मी म्हटलं. त्यांना ते काही पटलं नाही, पण त्यांनी कापण्या पत्र्यावर मांडल्या. मग सवयीने ब्रश उचलला आणि दुधाच्या वाटीत बुडवला.

"ओ काका! दूध मत लगाना!"

खारी घ्यायला आलेल्या बायका वळून बघायला लागल्या.

"अरे, थोडासा. चमक आएगी."

"एक थेंब पण नाही! मेरी बेटी दूध नहीं खाती!"

बोलून गेले आणि माझं मलाच हसू आलं. याच वाक्यावरून मी इतके महिने तिच्याशी भांडत होते.

पावसाने पुन्हा जोर धरला आणि ती पुन्हा आली, बॅग घेऊन, डबा घेऊन. मी कापण्यांची ताटली तिच्यापुढे सरकवली आणि लसूण सोलत बसले.

"यात काय काय आहे?"

"कणीक, नाचणी, गूळ, तेल, तीळ. दुधाचा ब्रशसुद्धा लागू दिला नाहीये."

तिने एक खाल्ली. मग दुसरी. "आई, या कुकीज कुणी शिकवल्या तुला?"

"कुकीज कसल्या? कापण्या आहेत. तुझ्या आजीच्या."

ती खातच राहिली. शेवटी ताटलीत उरलेले तीळ बोटाला थुंकी लावून टिपले. अशी ती पाच वर्षांची असताना टिपायची, आणि मी ओरडायचे. आज ओरडले नाही.

मग उठून तिने आपला डबा उघडला. त्यातली भाजी माझ्या ताटात वाढली, म्हणाली, "ही तू खा." डबा घासला आणि ओलाच माझ्यापुढे ठेवला.

"यात कापण्या भर, जाताना नेते. आणि रात्रीचं जेवण तूच कर ना. फक्त फोडणी तेलात दे."

मी तुपाचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि तेलाची बरणी खाली घेतली.